सात घरं, सोळा पानं

वस्तीतल्या एका लहानशा वाचनालयात मी पुस्तकाची डमी घेऊन बसले होते. डमी म्हणजे पेन्सिलीत काढलेली कच्ची पानं, मध्ये दोन पिना मारून पुस्तकासारखी केलेली. खाली सतरंजी, वर खडखडणारा पंखा, आणि चार ते सात वर्षांची पोरं, त्यातली निम्मी माझ्या अंगावर रेललेली. छापायला जाण्याआधी एकदा मुलांना दाखवून घ्यायचं हा माझा जुना रिवाज. मोठी माणसं चित्र बघून 'छान' म्हणतात आणि पान उलटतात. मुलं चित्रात शिरतात आणि आतून काहीतरी उचलून आणतात. गोष्ट एका लेखिकेची, चित्रं माझी. गोष्ट साधी आहे. मांजरी आपली तीन पिल्लं सात घरं फिरवते. पोरं प्रत्येक पानावर बोट ठेवून पिल्लं मोजत होती, एखादं कमी दिसलं की मागचं पान उघडून ते तिथेच राहिलंय ना, याची खात्री करून घेत होती. चौथ्या घरापाशी दोन वेण्या घातलेल्या एका मुलीने विचारलं, "ही कुणाचीये?"

"कुणाचीच नाही. अशीच आहे," मी म्हटलं.

ती थोडा वेळ चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग बोका आला तर?"

पुढे गोष्ट संपली, बिस्किटं वाटून झाली, पोरं पांगली. ती मुलगी बहुधा तो प्रश्न दाराबाहेर पडेपर्यंत विसरलीही असेल. मला मात्र तो घरी घेऊन यावा लागला. कारण गोष्टीच्या मजकुरात बोका कुठेच नाही. लेखिकेने त्याचं नावसुद्धा काढलेलं नाही. तो आहे फक्त चित्रांत: पहिल्या घराच्या कौलांवरून खाली लोंबणारं शेपूट, दुसऱ्या घरी गवताच्या गंजीमागून वर आलेले दोन कान. मजकूर म्हणतो, 'मनीला जागा आवडली नाही.' का आवडली नाही, ते चित्राने सांगायचं. चित्रपुस्तकात मजा येते ती इथेच. शब्द एक बोलतात, चित्र हळूच दुसरं सांगतं, आणि ज्याला अजून वाचता येत नाही तोच ते आधी पकडतो. डमी चाळलेल्या एकाही मोठ्या माणसाला तो बोका दिसला नव्हता.

संपादकांना फोनवर हा किस्सा सांगितला, तर ते उत्साहाने म्हणाले, "तेच तर मी सांगतोय, मॅडम! गळ्यात एक लाल पट्टा टाका, बारीक घुंगरू. म्हणजे पाळलेली आहे हे लगेच कळतं. मुलांना बरं वाटतं, आयांनाही बरं वाटतं." मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा प्रश्न उंदरांनी पिढ्यान्‌पिढ्या लोंबकळत ठेवला होता, तो अखेर माझ्या टेबलावर आला. आणि खोटं कशाला बोलू, चित्र म्हणून लाल पट्टा वाईट दिसत नव्हता. मातकट रंगांच्या पानावर लाल ठिपका पडला की नजर आधी तिथे जाते, मुलांना मनी शोधावी लागत नाही. मी पट्टा घालून एक पान रंगवूनही पाहिलं. चांगलं झालं होतं पान. पण ती मनी राहिली नव्हती. कुठल्यातरी फ्लॅटमधली, खिडकीत बसून कबुतरं बघणारी, वेळेवर इंजेक्शनं टोचलेली कुणी दुसरीच होती. तिच्याशी माझं वैर नाही. पण ती सात घरं कशाला फिरेल?

रत्नागिरीच्या आमच्या घरी मांजर 'होतं' असं म्हणता येणार नाही. ते येत असे. आजी ताक करायला बसली, रवीची घरघर सुरू झाली, की पडवीच्या उंबऱ्याशी तिरंगी मनी हजर. आजी तिला करवंटीत ताकभात घाली. ती तो तीन-चारदा हुंगून, उपकार केल्यासारखी खाई. मग अंग चाटूनपुसून मागच्या गडग्यावर उडी, तिथून फणसाच्या सावलीतून उतरणीला, आणि थेट खाली मिरकरवाड्याकडे. तिथे होड्या लागलेल्या असायच्या. बांगड्यांच्या, तारल्यांच्या टोपल्या, बर्फाचं वाहतं पाणी, शिव्या, कावळे. खालच्या दालद्यांच्या, म्हणजे मुसलमान कोळ्यांच्या, घरांत मांजराला हाकलत नाहीत. त्यांच्यात ती पाक, म्हणजे शुद्ध मानतात. तिथे तिचं दुसरं जेवण होई. तिन्हीसांजेला परत आली की तिच्या मिशांना माशाचा वास. आजी नाकाला पदर लावून म्हणे, "आलीस का पारणं फेडून?" आणि तरी उंबऱ्यातून आत घेई. आमच्या त्या सोवळ्याओवळ्याच्या घरात मासळीचा वास आणायची मुभा तिला एकटीलाच होती. आम्ही मुलं खाली कुणाकडे पाणी प्यायलो तरी घरी सांगत नसू. ही सगळ्या आळीत जेवून, मिशा पुसत, राजरोस येत होती.

आमच्याकडे ती मनी. शेजारच्या काकूंकडे तिला चिंगी म्हणत. खाली काय म्हणत ते मला कधी कळलं नाही.

एका आगोटीला, पावसाच्या तोंडावर, ती आजीच्या गोधड्यांच्या पेटीत व्याली. पेटीचं झाकण नीट बसत नसे, त्याच्या फटीतून ती आत गेली होती. आजी म्हणाली, "हात लावू नका रे कुणी. आता सात घरं करील ती." आम्ही पोरं दुसऱ्या दिवसापासून पाळतीवर. तिने पहिलं पिल्लू मानगुटीला धरून काकूंच्या गोठ्यात नेलं, ते आम्ही पाहिलं. तिथून पुढे ती सुताराच्या शेडमध्ये गेली की खतासाठी साठवलेल्या पाचोळ्यात, यावर आमच्यात मारामारी झाली. सात घरं पुरी झालेली कुणीच पाहिली नाहीत. मध्येच एका रात्री कौलांवर असा काही आवाज झाला, की मी आजीच्या कुशीत शिरले. सकाळी मागच्या पडवीत बोक्याचे केस होते, आणि आणखी थोडं काही, जे आजीने आम्हाला बघू दिलं नाही. तिने सूप आडवं धरलं, ते उचललं, आणि काही न बोलता तिथे शेण फिरवलं. आम्ही विचारलं, "पिल्लं किती राहिली?" आजी म्हणाली, "तिला ठाऊक. तिची ती मोजते."

लेखिकेची ती एवढीशी गोष्ट हातात आली, तेव्हा सगळ्यात आधी मला ते सूप आठवलं. पुस्तकात ते येणार नाही. पाच वर्षांच्या मुलाला किती दाखवायचं, याचं माप कुणालाच पक्कं ठाऊक नसतं. अमेरिकेत १९२८ मध्ये चित्रकर्ती वांडा गागने केलेलं एक मांजरांचं पुस्तक अजून छापलं जातं. एकटी पडलेली म्हातारी, तिच्यासाठी मांजर आणायला निघालेला म्हातारा, आणि टेकड्याच्या टेकड्या व्यापून बसलेली शेकडो, हजारो, कोट्यवधी मांजरं. सगळं काळ्या शाईत. टेकडी डाव्या पानावरून उजव्या पानावर तशीच वाहत जाते, मधली शिवण जणू नाहीच. दोन पानांचं मिळून एक चित्र ही गोष्ट चित्रपुस्तकांत रुळली ती तिच्यापासून, असं मानतात. अक्षरंही टाइपाची नाहीत, तिच्या भावाने हाताने काढलेली आहेत. आणि शेवटी काय होतं? सगळ्यांत सुंदर कोण, यावरून ती मांजरं भांडतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. उरतं एकच रोडकं पिल्लू, कारण त्याने 'मी सुंदर' असं म्हटलेलंच नसतं. हे पुस्तक घेऊन गेली जवळजवळ शंभर वर्षं मुलं सुखाने झोपताहेत. तेव्हा कौलावरून लोंबणाऱ्या माझ्या शेपटीने कुणाचं फारसं बिघडेल असं नाही. पण त्या पिल्लाला घर मिळतं, दूध मिळतं, न्हाऊमाखू घालून ते गुबगुबीत होतं. तिथे 'कुणाची?' या प्रश्नाला उत्तर आहे.

जपानी चित्रकर्ती योको सानो हिचा बोका याच्या अगदी उलट. तिचं १९७७ चं पुस्तक जपानात घरोघरी माहीत आहे: दहा लाख वेळा मेलेला आणि दहा लाख वेळा जगलेला एक पट्ट्यापट्ट्यांचा बोका. कधी तो राजाचा, कधी खलाशाचा, कधी जादूगाराचा, चोराचा, म्हातारीचा, लहान मुलीचा. प्रत्येकाने त्याच्यावर जीव टाकला, तो मेल्यावर प्रत्येक जण ढसाढसा रडला. त्याला मात्र यांतलं कुणीच आवडलं नव्हतं. मग एका जन्मी तो कुणाचाच नव्हता, भटका, स्वतःचा स्वतः. पुढचं मी सांगत नाही, मिळवून वाचा. मला त्या पुस्तकातली बोक्याची नजर पहिल्यापासून ओळखीची वाटली. वर चढलेले हिरवे डोळे, थोडे तुच्छतेचे. अशीच नजर आमची मनी ताकभाताला देत असे.

आपल्याकडे मांजर चित्रात आलं ते बहुतेक चोर किंवा ढोंगी म्हणून. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या त्या प्रचंड शिल्पपटात, तपस्व्यांच्या गर्दीत, दोन पायांवर उभं राहून हात वर केलेलं एक मांजर आहे, आणि त्याच्या तपावर विश्वास ठेवलेले उंदीर आसपास. महाभारतात उद्योगपर्वात आलेली गोष्ट ती. कोलकात्याच्या कालीघाटातल्या पटचित्रकारांनी एकोणिसाव्या शतकात कपाळाला गंध लावलेलं आणि तोंडात कोळंबी धरलेलं गलेलठ्ठ मांजर काढलं; बुवाबाजीवरची टीका ती. दोन्हींत रेषा काय सुरेख आहे! महाबलीपुरमचं ते मांजर तर मी विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवते. आपल्या म्हणीही तशाच. शिंकं तुटलं, डोळे मिटून दूध प्यायलं, दुधाची राखण बोक्याकडे. पिल्लं तोंडात धरून घरं शोधत फिरणारी आई म्हणून तिला कुणी पाहिलंच असेल, तर ते वैष्णव आचार्यांनी. देवाने भक्ताला कसं तारावं, तर मांजरी पिल्लाला तारते तसं. पिल्लाने काहीच करायचं नाही, माकडाच्या पोरासारखं आईला घट्ट धरायचंसुद्धा नाही. मार्जारकिशोर न्याय.

तो न्याय कागदावर उतरवणं मात्र कठीण. मानगुटीला धरलेलं पिल्लू एकदम ढिलं पडतं, मागचे पाय पोटाशी घेतं, शेपूट आत वळवतं. आईला मान उंच ठेवावी लागते, नाहीतर पिल्लू जमिनीला घासतं. पुढचे पाय किंचित फाकवून टाकावे लागतात, नाहीतर तीच अडखळते. एरवीच्या तिच्या त्या ऐटबाज चालीचं यात काही उरत नाही. चित्रात हे जमलं की ती बिचारी, घाईत असलेली, पण ठाम अशी दिसते, आणि त्यासाठी तिच्या चेहऱ्यावर एक रेषही द्यावी लागत नाही. नवशिके लोक टेबलाला पाय लावावेत तसे मांजराला चार पाय लावतात. खरं तर मांजराचं गळपट्टीचं हाड अगदी बारीक, दुसऱ्या कुठल्या हाडाला न जोडलेलं. त्यामुळे खांदे मोकळे. चालताना दोन्ही खांद्यांचे फावडे पाठीच्या वर आळीपाळीने उचलले जातात. मागच्या पायात उलटा वाकलेला गुडघा वाटतो तो गुडघा नसतोच, ती टाच. मांजर चालतं बोटांवर. आणि मागचं पाऊल पडतं ते पुढच्या पावलाने नुकत्याच सोडलेल्या जागेवर. पावसाळ्यात आमच्या शेणाने सारवलेल्या पडवीत ओल्या पावलांची जी रांग उठे, ती दोन पायांच्या प्राण्याची वाटायची. तेव्हा नवल वाटे. आता ती रांग मी पहिल्या पानावर शीर्षकाखाली काढली आहे.

संपादकांची दुसरी नेहमीची सूचना: 'जरा हसरी करा.' तोंडाची रेष वर वळवायची, भुवया काढायच्या, झालं. भुवया! मांजर बोलतं कानांनी, शेपटीने, पाठीने. कान मागे फिरले की सावध, आडवे पडले की भ्यालेलं, शेपूट उभं आणि टोकाला आकडा असेल तर ओळखीचं कुणी दिसलंय. हे लहान मुलांना शिकवावं लागत नाही. त्यांची उंची मांजराच्या अधिक जवळ आहे, त्यांना ती पाठमोरी जास्त दिसते. कपडे घातलेली मांजरं मला चालत नाहीत असंही नाही. इंग्रज चित्रकर्ती बिआट्रिक्स पॉटरने १९०७ मध्ये पिल्लांना पाहुण्यांसाठी कपडे चढवले. दोन पायांवर चालायला सांगितल्यावर ती धडपडतात, बटणं तुटतात, आणि चार पायांवर आल्याबरोबर सगळे कपडे गळून पडतात. ज्या बाईला कपड्यांच्या आतलं मांजर पक्कं ठाऊक आहे, तिने त्याला खुशाल कोट घालावा.

मनीला तिरंगी ठेवायचं हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं. त्याला आठवण हे एक कारण, पण दुसरं कारण धंद्याचं. पांढरा, काळा आणि नारिंगी असे तिन्ही रंग अंगावर असतील तर ते मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं. नारिंगी रंगाची चावी एक्स गुणसूत्रावर, आणि काळा-नारिंगी दोन्ही एकत्र यायचे तर एक्स दोन हवेत. (तिरंगी बोका काढून आणलेली चित्रं मी पाहिली आहेत. काही म्हणत नाही. हजारांत एखादा असतोही.) शिवाय तिच्या दोन कुशी मला दोन रंगांच्या करता आल्या. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे गोष्ट उजवीकडे सरकते आणि पिल्लू घेऊन जाणारी मनीही उजवीकडे तोंड करून चालते. म्हणजे दिसते तिची उजवी कूस. तिथे मोठा काळा डाग. पण पिल्लं तीन आणि तोंड एक. पुढच्या पिल्लासाठी तिला उलट्या दिशेने मागे यावं लागतं, तेव्हा दिसते डावी कूस, नारिंगी. काळी मनी जातेय, नारिंगी मनी येतेय. मजकुरात हे कुठेही नाही. वाचनालयात एका पोराने ते तिसऱ्या घरापाशीच ओळखलं आणि पुढे प्रत्येक पानावर 'आली! गेली!' असं ओरडत राहिला.

अशा मांजरीचा डाग चुकून इकडचा तिकडे गेला, तर मुलं माफ करत नाहीत. म्हणून आधी तिचा नमुनातक्ता करायचा: समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठीमागून, वरून, बसलेली, पाय पोटाखाली घेतलेली, ताणलेली. तो टेबलासमोर भिंतीवर टांगलेला असतो. पिल्लं त्या मानाने सोपी. एक नारिंगी, एक काळं, एक पांढऱ्यावर काळे ठिपके. काळं पिल्लू तेवढं छपाईत त्रास देतं. नुसती काळी शाई कागदावर धुरकट बसते, तिच्याखाली निळ्याचा थर द्यावा लागतो. आणि मग पिल्लाचे पाय, पोट, कान सगळं एकच गोळा होऊन जातं. नारिंगीचं उलटं. पिवळा आणि गुलाबी यांच्यात निळ्याचा कण जरी शिरला, तरी पिल्लू चिखलात लोळून आल्यासारखं छापून येतं.

पुस्तक सोळा पानी आहे, मध्ये पिन. हे पैशाचं गणित: एका मोठ्या कागदाला घड्या घालून पानं आठांच्या, सोळांच्या पटीत निघतात. पण पहिलं पान शीर्षकाला आणि सोळावं शेवटाला सोडलं, की मध्ये समोरासमोरच्या पानांच्या बरोब्बर सात जोड्या उरतात. सात घरं! लेखिकेला हे माहीत नव्हतं, मलाही पानं आखायला बसेपर्यंत सुचलं नव्हतं. त्या दिवशी मी स्वतःला अर्धा कप जास्तीचा चहा दिला. चौथं घर येतं आठ-नऊ पानांवर, अगदी मधोमध, जिथे दोन्ही पानं मिळून कागदाचा एकच सलग तुकडा असतो. बाकी सगळीकडे डावं आणि उजवं पान कागदाच्या वेगवेगळ्या भागांतून येतं, रेघ रेघेला भिडेलच याची खात्री नसते. म्हणून सगळ्यांत मोठं, पसरलेलं घर मी मध्ये ठेवलं: भर दुपारचं वाळवणाचं अंगण, धोतरांवर पापड-कुरडया, कोपऱ्यात पालथं डालगं आणि त्याखाली पिल्लं.

दुपार म्हणजे मांजराच्या बाहुल्या उभ्या, बारीक चिरेसारख्या. इथे पुन्हा संपादक: डोळे रागीट वाटतात, गोल करा. बाहुली गोल केली की मांजर गोड दिसतं हे खरं, पण मग ते ऊन खोटं पडतं. यावर तोडगा सापडला तो घरांच्या वेळा बदलून. पहिलं घर पहाटेचं. मग गोठ्यात धारांची वेळ, शिंप्याच्या चिंध्यांच्या गाठोड्यात सकाळ, चौथ्यात टळटळीत दुपार, पाचव्यात कलतं ऊन आणि विणकामाला काढलेल्या जाळ्यांचा ढीग, सहाव्यात किराणा दुकानाची दिवेलागण. सातवं घर बाळंतिणीच्या खोलीचं. रात्र, मिणमिणता दिवा, बाजेखाली शेगडी, ओव्याच्या धुरीचा वास चित्रात येत नाही पण धूर येतो. तिथे मनीच्या बाहुल्या आपोआप मोठ्या, काळ्या, गोल. शेवटच्या घरात ती गोड दिसेल. तिच्याकडून तेवढं मिळवायला मुलांना दिवसभर तिच्यामागे चालावं लागेल, त्याला माझा इलाज नाही.

बोक्याचं काय करायचं, ते यातूनच सुटत गेलं. पट्टा घातल्याने बोका थांबत नाही, हे त्या वेण्यावाल्या मुलीला संपादकांपेक्षा चांगलं ठाऊक असणार. तिला मालक हवा होता असं मला वाटत नाही. वेळेला धावून येणारं कुणीतरी हवं होतं. माझ्या कच्च्या पानांत माणसं होती, पण ती मागे, घराच्या खुणा म्हणून. ती मी उचलून पुढे आणली. मांजराच्या उंचीवरून दिसतील तेवढीच: पाय, पदराचा काठ, हात. वाळवणाशी आजोबा बसलेत, काठी घेऊन कावळे हाकलतायत. काठी आता डालगं आणि बोका यांच्या मधोमध येते. शिंप्याचं मशीन चालू आहे, त्या खडखडाटाला बोका खिडकीतच थबकतो. जाळी विणणाऱ्याने पाय लांब सोडलेत, ते ओलांडायची त्याची छाती नाही. गोठ्यात गाय मान हलवते. दुकानदार तराजू आपटतो. यांतल्या कुणालाही आपण कुणाची राखण करतोय हे माहीत नाही, आणि मनीही कुणाचे आभार मानत नाही. ती पुढच्या घराकडे निघालेली असते. घरांची दारं मी वेगवेगळी काढली आहेत. एका दारावर तोरण, एकावर हिरव्या रंगाचा चंद्र, एका उंबऱ्याशी मासळीचे खवले. मजकुरात त्याबद्दल अवाक्षर नाही, आणि राहू नयेच. एका मित्राने विचारलं, "हे जरा जास्तच सूचक होत नाही का?" मी म्हटलं, आमच्या आळीचं मोजमाप घेऊन काढलंय. मनीने रस्ता आखून दिलाय, मी नाही. तरी त्याचं म्हणणं अगदीच उडवून लावता येत नाही. चित्र सुचवायला लागलं की मांजर त्यातून उठून निघून जातं, हा अनुभव मला आहे, म्हणून चंद्र मी दोनदा फिकट केला. आता तो गंज चढलेल्या पत्र्यावर जेमतेम दिसतो.

सोळाव्या पानावर काय, यावरून बरीच ओढाताण झाली. अर्धं पान प्रकाशकाचा पत्ता, किंमत आणि मुद्रकाचं नाव यांना गेलं. उरलेल्या अर्ध्यात मला पिल्लांचे डोळे उघडलेले दाखवायचे होते. ते साधारण आठवड्या-दीड आठवड्यात उघडतात, म्हणजे सात घरांचा हिशेबही जुळतो. लेखिकेला तिथे मनी झोपलेली हवी होती. तिन्ही पिल्लं तिच्या शेपटीवर तुटून पडली आहेत आणि ती झोपल्याचं सोंग करते आहे, यावर तह झाला. एक कान उभा आहे.

परवा छापखान्यातून नमुना प्रत आली. रंग बरे आलेत. काळ्या पिल्लाचे कान दिसतात. पण मध्ये पिन मारलेल्या पुस्तकाची एक खोड असते: आतली पानं घडीतून बाहेर सरकतात, म्हणून कडा सरळ करताना ती अंमळ जास्त कापली जातात. नवव्या पानावर, वाळवणाच्या अंगणातल्या भिंतीवर बसलेला बोका अगदी कडेला होता. त्याच्या उजव्या कानाचा शेंडा गेला. संपादकांचा लगेच फोन: चित्र आत सरकवून द्या, अजून वेळ आहे. मी प्रत पुन्हा उघडून पाहिली. रात्री-अपरात्री मारामाऱ्या करणाऱ्या कुठल्या बोक्याचे दोन्ही कान धड असतात? उलट आता तो जास्त मुरलेला दिसतोय. म्हटलं, राहू द्या. बाकीच्या पानांवरही त्याचा तो कान तुटकाच करून देते, आजच. फक्त एक शंका आहे. हल्ली रस्त्यावरच्या मांजरांची नसबंदी केली की खूण म्हणून कानाचा शेंडा कापतात. एखादा जाणता वाचक पत्र पाठवणार, की नसबंदी झालेला बोका पिल्लांच्या मागे कशाला लागेल? पत्र आलं की लेखिकेकडे पाठवून देईन. मजकुरात बोका नाहीच, असं ती म्हणू शकते.